उधाणाच्या दिवशी भांडुपच्या खाडीवर

मी पक्षी बघायला लागले ती लॉकडाऊनमध्ये, डोंबिवलीच्या आमच्या गॅलरीतून. तांबट, दयाळ, बुलबुल, कधीमधी हळद्या. पुढे दुर्बीण आली, टिटवाळ्याच्या, बदलापूरच्या बाजूला रविवारी जाणं सुरू झालं. पाच वर्षांत बऱ्यापैकी ओळखू यायला लागलं असं वाटत होतं. फक्त एक खातं मी कायमचं बंद करून टाकलं होतं: खाडीकाठी चिखलात पळणारे ते बारके, मातकट, सगळे एकसारखे दिसणारे पक्षी. पुस्तकात ती पानं आली की मी सरळ उलटायची. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत एका गटाबरोबर शिवडीला गेले होते. लोक धडाधड नावं सांगत होते आणि मी माना डोलवत होते. घरी येऊन यादी लिहिताना लक्षात आलं की रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, आणि शेकाट्या सोडले तर मला एकही पक्षी खात्रीने ओळखता आला नव्हता.

हे सगळं मी आमच्या गटातल्या काकांना सांगितलं. काका निवृत्त आहेत, चाळीस वर्षं खाड्या तुडवल्यात. ते म्हणाले, "अगं, जानेवारीत गेलीस म्हणून हरलीस. तेव्हा सगळे राखाडी शर्ट घालून बसलेले असतात. चैत्रात ये. विणीसाठी उत्तरेला निघायच्या आधी नवे कपडे घालतात."

तर ही त्या चैत्रातल्या एका दिवसाची हकीकत. माझ्यासारखं कुणी ती पानं उलटत असेल तर त्यांच्यासाठी लिहिते आहे. परवानगीपासून बुटापर्यंत सगळं सांगते, कारण मला ते कुणी सांगितलं नव्हतं.

तारीख कशी ठरली

माझा समज होता की पहाटे लवकर गेलं की पक्षी दिसतात. जंगलात ते खरं आहे. खाडीवर घड्याळ चालत नाही, भरती चालते. ओहोटीला चिखल उघडा पडतो, पक्षी खायला लांब लांब पसरतात आणि तुम्हाला ठिपके दिसतात. भरतीचं पाणी चढायला लागलं की तो चिखल आक्रसत जातो, पक्षी काठाकडे ढकलले जातात, आणि पाणी पुरतं भरलं की ते मागच्या मिठागरांत, उथळ तळ्यांत येऊन टेकतात. म्हणजे भरती दुपारी बाराच्या आसपास हवी. त्यात उधाणाची, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येची मोठी भरती असेल तर उत्तमच, कारण भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या भरतीला पाणी कमी चढतं, चिखलाचे पट्टे उघडे राहतात आणि पक्षी तिकडेच थांबतात.

माझं आजोळ रेवदंड्याचं. आजीला भरतीचं गणित तोंडपाठ होतं: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. मी हे मोठ्या ऐटीत काकांना सांगितलं. त्यांनी खिशातून तक्ता काढला. मुंबईच्या तक्त्यातली वेळ अपोलो बंदराची असते, ती त्या दिवशी बाराच्या पुढे होती, आणि ठाणे खाडीत आत पाणी चढायला आणखी थोडा वेळ लागतो. आजी सुमारे एका तासाने चुकली. पण दिवस निवडायला तिचं गणित पुरलं: शनिवार-रविवारी येणारी पौर्णिमा किंवा अमावास्या हवी. एप्रिलमध्ये दोनच होत्या. शनिवार १२ तारखेची चैत्री पौर्णिमा आणि रविवार २७ची अमावास्या. २७पर्यंत बरेचसे पक्षी निघून जातात, म्हणून १२ ठरली.

परवानगी

ठाणे खाडीचा ऐरोली पूल ते वाशी पूल या दरम्यानचा पश्चिमेकडचा पट्टा २०१५ साली रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. जवळजवळ १,६९० हेक्टर, त्यातलं निम्म्याहून जास्त तिवरांचं जंगल. २०२२मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला. अभयारण्य म्हटलं की १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि त्यात अभ्यासासाठी, छायाचित्रणासाठी किंवा पर्यटनासाठी आत जायला परवाना लागतो. आम्हाला बांधावरून आत चालायचं होतं, म्हणून आठ जणांचा एकत्र अर्ज करायचा ठरला. वन विभागाचं ऑफिस माझ्या कामाच्या जागेजवळ, त्यामुळे धावपळ माझ्याकडे आली.

१८ मार्चला, मंगळवारी, अर्धी रजा टाकून गेले. अर्ज, आठ जणांची नावं, आधारच्या झेरॉक्स. टेबलापलीकडच्या बाईंनी अर्ज वाचला आणि परत दिला. तीन गोष्टी नव्हत्या. आत जायची आणि बाहेर यायची वेळ लिहिली नव्हती. कॅमेरे कोणाकोणाकडे आहेत ती यादी नव्हती. आणि प्रत्येकाच्या सहीचं हमीपत्र नव्हतं, एकट्या माझ्या सहीचं होतं. बाई शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, उद्या कोणी चिखलात अडकलं तर सही कोणाची बघायची?" तेव्हा मला राग आला होता. बाई असं का म्हणाल्या ते पुढे येईलच.

आठ जणांच्या सह्या गोळा करायला सहा दिवस गेले. एक जण नाशिकला, एक आजारी. २४ मार्चला अर्ज पुन्हा दिला. एवढं मात्र आवर्जून सांगते: टपाल कक्षात अर्ज देताना दुसरी प्रत बरोबर न्या आणि तिच्यावर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्या. मी घेतला नव्हता, निघून जिन्यापर्यंत गेले होते, तिथल्या शिपाईदादांनी हाक मारून परत बोलावलं. पुढे फोनवर प्रत्येक वेळी पहिला प्रश्न तोच होता, "आवक नंबर सांगा."

मार्चअखेर, त्यानंतर रविवारचा पाडवा, सोमवारची ईद, मग रामनवमी. मी एक दिवसाआड फोन करत होते. साहेब दौऱ्यावर, साहेब मीटिंगला, फाइल वर गेली आहे. १० एप्रिलला महावीर जयंतीची सुट्टी आणि १२ला सरकारी कार्यालयं बंदच असतात, म्हणजे ९ किंवा ११ हेच दोन दिवस हाताशी होते. ९ला, बुधवारी, दुपारी साडेचारला पत्र हातात आलं. सकाळी सहा ते दुपारी दोन, आठ व्यक्ती, ड्रोन नाही, बांध सोडून खाली उतरायचं नाही, प्लास्टिक मागे टाकायचं नाही. दुसरा अर्ज दिल्यापासून सोळा दिवस, सगळं मिळून दोन अर्ध्या रजा आणि झेरॉक्सचे बत्तीस रुपये. शुल्क वेगळं भरलं. तो आकडा देत नाही, कारण दर बदलत राहतात. भरल्यावर पावती घ्या आणि ती पत्रालाच टाचून ठेवा. गेटवर दोन्ही एकत्र मागतात.

तुम्हाला हा सगळा सोपस्कार नको असेल तर पलीकडच्या काठावर ऐरोलीला वन विभागाचं सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथे तिकीट काढून बोटीत बसता येतं, बोटीच्या वेळा भरतीप्रमाणे रोज बदलतात. रोहित बघायला ते झकास आहे. पण बोट हलते आणि थांबत नाही. बारक्या पक्ष्यांशी ओळख करून घ्यायची तर एका जागी बूड टेकून बसावं लागतं.

पिशवीत काय

दुर्बीण माझी जुनीच, ८ बाय ४२, वापरलेली साडेसहा हजारांना घेतलेली. खाडीसाठी खरं तर स्कोप, म्हणजे लांबचं बघायची एकनळी दुर्बीण लागते. तो काकांचा होता, तिकाटण्यासकट. आठ जणांत एक स्कोप पुरतो, फक्त रांगेत उभं राहून प्रत्येकाने दहा सेकंदांत बाजूला व्हायची सवय हवी. पाणी दोन लिटर, टोपी, पूर्ण बाह्यांचा मातकट शर्ट, ओडोमॉस. चिलटं कानात शिरतात, म्हणून ओढणी डोक्यावरून. गमबूट घ्यावेत की नाही यावर गटात बराच वाद झाला. मी ते घेतले नाहीत, रोजचे चालायचे बूट घातले.

बायकांसाठी एक गोष्ट स्पष्टच लिहिते, कारण अशा लेखांत ती कधीच नसते. आत आठ तास कुठेही सोय नाही. हायवेवरच्या पेट्रोल पंपावर जाऊन मगच आत शिरा. पाणी कमी पिऊन दिवस काढायचा विचार करू नका. एप्रिलचं ऊन आहे, माझ्या मैत्रिणीला त्यापायी साडेअकराला गरगरलं. आम्ही तिला तिवराच्या सावलीत बसवून मीठ-साखरेचं पाणी दिलं, तेव्हा ती सावरली.

सकाळ

डोंबिवलीहून पाचच्या सुमाराची स्लो पकडली. भांडुपला उतरले तेव्हा पूर्वेकडच्या एका देवळात स्पीकर लागला होता. हनुमान जयंती. रिक्षावाल्याने हायवेपर्यंतचे पंचेचाळीस घेतले आणि विचारलं, "एवढ्या पहाटे पंपिंग स्टेशनवर काय काम?" पक्षी बघायला म्हटल्यावर तो म्हणाला, "फ्लेमिंगो का? आता गेले असतील ते." गेले नव्हते. नोव्हेंबरच्या सुमाराला येतात आणि बरेचसे मे सरेपर्यंत असतात.

सहा वाजता गेटवर आठही जण हजर. वॉचमनने पत्र वाचलं, पावती बघितली, नावं मोजली, आधार कार्डं पाहिली आणि वहीत सह्या घेतल्या. पश्चिमेला पौर्णिमेचा चंद्र मावळत होता, पिवळट आणि मोठा. गटातल्या वहिनींनी डब्यातून सुंठवडा काढून सगळ्यांच्या हातावर ठेवला. सूर्य वर आला तेव्हा आम्ही बांधाच्या टोकाला पोचलो होतो.

आणि मला काहीही दिसेना.

पाणी पार लांब गेलेलं. समोर मैलभर चिखल, त्यावर हजारभर ठिपके, आणि सूर्य थेट डोळ्यांत. हा पश्चिमेचा काठ आहे, तोंड पूर्वेला. सकाळी इथून जे दिसतं ते सगळं काळं दिसतं. लांबवर रोहितांची एक ओळ होती, गुलाबी असणार असं मानायचं. दुर्बिणीतून मी अर्धा तास ठिपके बघितले आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मनात आलं, सोळा दिवस याच्यासाठी केले का? काका स्कोपला हातही लावत नव्हते. थर्मासमधला चहा ओतून निवांत बसले होते. म्हणाले, "रंग बघू नकोस. चाल बघ."

चाल बघायची म्हणजे काय, हे कळायला मला पाऊण तास लागला. दिवसभरात शिकलेली सगळ्यात कामाची गोष्ट तीच. काही ठिपके तुरुतुरु धावत होते, मग एकदम थबकत होते, वाकून काहीतरी टिपत होते आणि पुन्हा धावत होते. काही ठिपके मान खाली घालून एका जागी चोच खालीवर करत सरकत होते, अगदी शिवणयंत्राच्या सुईसारखे. पहिले चिखल्या, म्हणजे प्लोव्हर. त्यांचे डोळे मोठे, चोच आखूड, ते भक्ष्य बघून पकडतात, म्हणून थांबून बघावं लागतं. दुसरे तुतारी, सँडपायपर वगैरे. ते चोचीने चाचपून शोधतात, त्यांना बघायची गरज नाही, म्हणून थांबतही नाहीत. पाठीमागून, उन्हात, काळे दिसत असतानाही एवढी वाटणी करता येते. दोन खणांचं कपाट झालं. मला तेवढंच हवं होतं.

नावांबद्दल एक. खाडीवर सगळे इंग्रजी नावंच घेतात, मीही पुढे घेणार आहे. पण शेकाट्या, चिखल्या, तुतारी, सुरय, कुरव ही नावं उच्चारूनच पक्षी डोळ्यांपुढे उभा राहतो. शेकाट्याचे ते लांबलचक काटकुळे लाल पाय बघितल्यावर त्याला दुसरं काही म्हणावंसं वाटत नाही.

साडेआठच्या सुमाराला मी तो पराक्रम केला. बांधाच्या खाली दहा फुटांवर एक निवट्या, म्हणजे चिखलावर सरपटणारा मासा, बसला होता. फुगीर डोळे, अंगावर निळसर ठिपके, पाठीचा पर उघडमीट करत होता. फोनवर फोटो चांगला येईल म्हणून मी बांधावरून एक पाऊल खाली टाकलं. एकच. वरून वाळलेला, भेगा पडलेला दिसणारा चिखल होता. पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. ओढायला गेले तर दुसरा पायही जायला लागला. काकांनी बोलता बोलता तिकाटणं आडवं धरलं आणि म्हणाले, "ओढू नकोस. टाच हलव, आत हवा जाऊ दे, मग हळूच वर घे." पाय निघाला. बूट राहिला. हाताने कोपरापर्यंत खणून तो काढला तेव्हा चिखलाचा असा काही वास सुटला की नंतर लोकलमध्ये माझ्या शेजारची जागा कुणी घेतली नाही. हमीपत्रावर प्रत्येकाची सही का हवी होती ते तेव्हा समजलं. बांध सोडून उतरायचं नाही, ही अट पत्रात आहे ती उगीच नाही. आणि नाडी घट्ट बांधा. पुढचा सगळा दिवस मी एका पायात ओला बूट घालून पचक पचक करत चालले.

पाणी चढलं

नऊनंतर तिवरांमधल्या चऱ्यांत पाण्याच्या जिभा शिरायला लागल्या. आवाज नाही, काही नाही. आधी खेकड्यांची धावपळ झाली, मग निवट्या उड्या मारत वर सरकले, मग ठिपके मोठे व्हायला लागले. साडेनऊला तर रोहितांची ओळसुद्धा जवळ आली आणि त्यांची घरघर ऐकू यायला लागली. मान उलटी करून, चोच पाण्यात घालून चालत होते. लहान रोहित, म्हणजे लेसर फ्लेमिंगो ही जात, शेवाळ खाते. सांडपाण्यामुळे या खाडीत शेवाळ बेसुमार वाढतं, आणि आपल्या घाणीवर हा गुलाबी थाट उभा आहे ही गोष्ट मला अजून पचत नाही. गटातले चार कॅमेरे तिकडे वळले ते वळलेच. मी अंदाजे अडीच हजार मोजले. मोजायची पद्धत अशी: दहा मोजायचे, तेवढ्या दहांनी किती जागा व्यापली ते लक्षात ठेवायचं, मग तो तुकडा पुढे पुढे सरकवत जायचा. काकांचा आकडा एकतीसशे आला. आम्ही हुज्जत घातली आणि शेवटी अडीच हजारच लिहिले. शंका असेल तेव्हा कमी लिहावं, हे त्यांचंच म्हणणं.

डोक्यावरून एक विमान खाली उतरत गेलं तेव्हा थोडा वेळ कुणी बोललं नाही. २० मे २०२४च्या रात्री घाटकोपरला विमानाला धडकून तीसहून जास्त रोहित मेले होते. वहिनी तिथल्याच जवळच्या सोसायटीत राहतात.

सव्वादहाला काका उठले. "चला, आता मागे." आम्ही खाडीकडे पाठ केली आणि बांधावरून आतल्या बाजूला, जुन्या मिठागरांच्या तळ्यांकडे आलो. आता सूर्य पाठीशी होता. बांधाआड बसलो, आठही जण, डोकी तेवढी वर. पहिली पंधरा मिनिटं नुसते शेकाट्या, दोन टिटव्या आणि एक वंचक. मग एकदम मागून, खाडीवरून, थवे यायला लागले. आधी गॉडविट, लांब सरळ चोचीचे, आणि मान विटकरी-नारिंगी. जानेवारीत हेच पक्षी मी राखाडी पाहिले होते. मग रेडशँक, शिट्टी मारत. मग कर्ल्यू सँडपायपर, आणि इथे मी मोठ्याने "अय्या" म्हटलं आणि मला गप्प करण्यात आलं. चोचीपासून पोटापर्यंत तांबडेलाल, जणू गेरूत बुडवून काढलेले. काही पुरते रंगलेले, काही अर्धवट, पोटावर पांढरे ठिगळ राहिलेले. सायबेरियाच्या पार उत्तर टोकाला, टुंड्रात जाऊन हे अंडी घालणार. वाटेत रंगकाम पूर्ण करणार असावेत.

माझ्यापासून दहा-बारा मीटरवर, बांधाच्या अगदी कडेला, एक पक्षी येऊन थांबला. चिमणीपेक्षा थोडा मोठा. कपाळ आणि डोळ्यांवरून काळा पट्टा, मुखवटा बांधल्यासारखा. गळा पांढराशुभ्र, आणि त्याखाली छातीभर विटेच्या रंगाचा रुंद पट्टा. पाठ मात्र तीच, पुस्तकातली मातकट. तो चार पावलं धावला, थबकला, मान किंचित तिरकी केली, पाण्याच्या कडेतून धाग्यासारखा एक किडा अर्धा ओढून काढला, थोडं थांबून उरलेला अर्धा ओढला आणि गिळला. पुन्हा चार पावलं. मी दुर्बीण खाली ठेवली तरी दिसत होतं. सँड प्लोव्हर, नर. पूर्वी याला लेसर सँड प्लोव्हर म्हणत, २०२३मध्ये त्याच्या दोन जाती वेगळ्या केल्या गेल्या. आपल्याकडे येणारा हा तिबेटी. लडाख-तिबेटच्या पठारावर चार हजार मीटरच्या वर उघड्या माळावर घरटं करतो. हिवाळा समुद्रसपाटीवर भांडुपच्या चिखलात काढून हा आता तिकडे चढणार होता. मी त्याला बहुधा वीस मिनिटं बघत बसले. यादी वहिनींनी चालू ठेवली.

हे सगळं बघायची खिडकी लहान असते, हेही सांगायला हवं. अकरानंतर जमिनीवरून हवा थरथरायला लागते आणि स्कोपमध्ये पक्षी पाण्यात बुडाल्यासारखे हलतात. म्हणजे हवा स्थिर असते तेव्हा पक्षी लांब, आणि पक्षी जवळ येतात तेव्हा हवा खराब. त्यावर उपाय एकच, मोठं करून बघायचा हट्ट सोडायचा. स्कोपची ताकद कमीत कमी ठेवा, किंवा दुर्बिणीनेच बघा.

साडेबाराला तळं गच्च भरलं. पक्षी एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत खुपसून, सगळे वाऱ्याकडे तोंड करून. झोपलेल्या पक्ष्यांची चाल दिसत नाही, चोचही दिसत नाही. माझं दोन खणांचं कपाट तिथेच बंद झालं. तेवढ्यात एक दलदलीवरचा भोवत्या, शिकारी पक्षी, हिवाळ्यातला उशिरापर्यंत राहिलेला, तळ्यावरून सावकाश गेला आणि अख्खं तळं उठलं. थवा वळला की पांढरा, पुन्हा वळला की तपकिरी. तीन फेऱ्या मारून सगळे परत त्याच जागी बसले, आणि प्रत्येकाला आपलीच जागा हवी असल्यासारखी थोडी ढकलाढकली झाली. काका म्हणाले, "बघ, अगदी आपल्या डोंबिवली फास्टसारखं."

नंतर

पावणेदोनला गेटवर सही करून बाहेर पडलो. हायवेजवळ मिसळ खाल्ली आणि तिथेच यादी जुळवली. ४७ जाती. मोठी यादी नाही, सराईत लोक याहून कितीतरी जास्त करतात. माझ्या मते त्यातल्या अकरा चिखलातल्या, आणि त्या अकराही मी स्वतः ओळखलेल्या होत्या. खर्च म्हणाल तर रिक्षा, मिसळ, वर्गणीचे अडीचशे आणि शुल्क धरून सहाशेच्या आत गेला. बूट मात्र टाकून द्यावे लागले. तीनदा धुऊनही वास गेला नाही, म्हणजे गमबुटांच्या वादात मी हरले.

रात्री ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या संकेतस्थळावर, यादी भरली. सँड प्लोव्हर पंचेचाळीस लिहिले, आणि शेवटी आलेल्या थव्यातले तीन मला चोचीने दणकट आणि पायांनी लांब वाटले होते, म्हणून ते ग्रेटर सँड प्लोव्हर म्हणून वेगळे टाकले. सकाळी चाल येत नव्हती, संध्याकाळी जाती वेगळ्या करायला निघाले होते.

बुधवारी, १६ला, यादी तपासणाऱ्या स्वयंसेवकाची मेल आली. अतिशय सभ्य भाषेत. ग्रेटर कशावरून ठरवला, फोटो आहे का, चोचीची लांबी डोळ्याच्या तुलनेत कशी होती. अशी मेल आली तर घाबरू नका, रागावूही नका. ती माणसं हे काम फुकट करतात. मी फोटो उघडून बघितले. तिघांचेही पाय पाण्यात होते आणि चोचीवर चिखल. तसं उत्तर लिहिलं आणि नोंद बदलली. त्या तिघांपुढे आता 'सँड प्लोव्हर, जात अनिश्चित' असं आहे. पंचेचाळिसांबद्दल कुणी काही विचारलं नाही.